लघुलहरींचा अस्त



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले आणि पुढे त्यांच्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्याचेही. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपण मला दिलेत, तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आला तो मास्तरांचा रेडिओ. म्हणून आज मी आंतरराष्ट्रीय लघुलहरी नभोवाणीच्या, म्हणजे ज्याला आपण सारे ‘शॉर्ट वेव्ह’ म्हणत आलो त्या माध्यमाच्या, उदयास्ताची हकिगत सांगणार आहे. मास्तरांना ते माध्यम प्रिय होते, एवढेच याचे कारण नाही. ते लयाला गेले तेव्हा आपण नेमके काय गमावले, याचा हिशेब आपण मांडलेला नाही, असे मला वाटते. त्या हिशेबात माझ्या नावावरही एक बाकी आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

आरंभी थोडे विज्ञान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांची अशी समजूत होती की, संदेश दूर पाठवायचा तर लहर लांब हवी. आखूड लहरी कुचकामी समजल्या जात. त्यामुळेच अमेरिकेने १९१२ च्या कायद्यान्वये हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी देऊन टाकल्या. ज्याची किंमत नाही ते दान करायला कोणाचे काय जाते? परंतु त्याच हौशी मंडळींनी नोव्हेंबर १९२३ मध्ये टाकून दिलेल्या या लहरींवरून अटलांटिक महासागरापलीकडे परस्पर संभाषण करून दाखवले आणि तज्ज्ञांचे डोळे उघडले.

याचे रहस्य आकाशात होते. जमिनीपासून शंभर ते तीन-चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांमुळे विरळ हवेतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित थर तयार होतात. त्यांना आपण आयनांबर म्हणतो. साधारणपणे ३ ते ३० मेगाहर्ट्झ कंप्रतेची लहर या थरांवरून परत वळते, समुद्रावर किंवा जमिनीवर आपटून पुन्हा वर जाते, आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटर प्रवास करते. इंग्लंडमध्ये ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये या थरांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. त्या कार्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांचा ‘द अप्पर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या संशोधकांच्या टेबलावर गेला. दिवसा १९ किंवा १६ मीटरवर ऐकू येणारे केंद्र रात्री ४१ किंवा ४९ मीटरवर का शोधावे लागते, हे मास्तर आम्हांला या आयनांबराच्या आधारे समजावून सांगत.

या विज्ञानातून एक राजकीय सत्य निष्पन्न झाले. लघुलहर मधल्या देशांच्या डोक्यावरून जाते. तिला तार लागत नाही, मधले ठाणे लागत नाही, सीमेवरच्या चौकीची परवानगी लागत नाही. शिवाय ऐकणारा कोण, किती वेळ ऐकतो, हे बोलणाऱ्यालाही कळत नाही आणि ऐकणाऱ्याच्या सरकारलाही कळत नाही. आजच्या माझ्या सगळ्या प्रतिपादनाचा पाया हा एवढाच आहे.

या माध्यमाचा जन्म मात्र स्वातंत्र्यासाठी झालेला नाही. १९२७ मध्ये हॉलंडमधील आइंडहोवेनहून राणी विल्हेल्मिना यांचा आवाज पूर्वेकडील डच वसाहतींत पोहोचला. १९२९ मध्ये मॉस्कोने परकीय भाषांतून प्रचार सुरू केला. फेब्रुवारी १९३१ मध्ये खुद्द मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन केंद्राचे उद्घाटन झाले. १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीने डॅव्हेंट्री येथून ‘एम्पायर सर्व्हिस’ सुरू केली. नावातच हेतू स्पष्ट होता. दूरदेशी राज्य करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि मळेवाल्यांना मायदेशाचा आवाज ऐकवावा, तोही इंग्रजीतून. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्या भाषेत बोलावे, असे तोवर कोणाला सुचले नव्हते. इटलीच्या बारी केंद्राचा अरबी प्रचार लंडनला बोचू लागला, तेव्हा कोठे जानेवारी १९३८ मध्ये बीबीसीने अरबी ही पहिली परकीय भाषा स्वीकारली. महायुद्ध सुरू होताच ऑक्टोबर १९३९ मध्ये दिल्लीहून पुश्तू भाषेत परदेशासाठी प्रक्षेपण सुरू झाले. मे १९४० मध्ये लंडनहून हिंदुस्थानी आणि १९४२ मध्ये मराठी कार्यक्रम ऐकू येऊ लागले. ती मराठी सेवा १९५८ पर्यंत चालली. साम्राज्याला प्रजेची भाषा आठवली ती गरजेपोटी, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

पण शस्त्र एकदा घडले की ते कोणाच्या हाती जाईल, हे घडवणाऱ्याच्या हाती राहत नाही. सिंगापूर पडल्यानंतर चारच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, सुभाषबाबूंचा आवाज जर्मनीहून हिंदुस्थानात ऐकू आला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहिया यांचा त्यामागे मोठा आधार होता. जागा बदलत बदलत तो रेडिओ चालला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. अडीच महिन्यांचे ते आयुष्य. पुढे याच लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभा घेऊन गोव्याच्या लढ्याला नवे वळण दिले, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मी घरातली गोष्ट सांगतो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे तरुण आंबोलीच्या घाटातून आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून कोंकणी आणि पोर्तुगीज भाषेत बोलत असत. ट्रकवर बसवलेल्या त्या प्रक्षेपकाची तुलना डॅव्हेंट्रीशी होणार नाही. त्याचे क्षेत्र लहान होते. परंतु तत्त्व तेच होते. सीमेवर पोर्तुगीज शिपाई माणसांच्या पिशव्या तपासत, आणि आवाज त्यांच्या टोपीवरून निघून जाई.

मी त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होतो. आमच्या गावात वीज आलेली नव्हती. मास्तरांचा रेडिओ बॅटरीवर चाले, आणि बॅटरी संपली की नवी आणायला पैसे साठेपर्यंत तो मुका होई. रात्री मास्तर आमच्या घरी येत. माजघराच्या खिडक्या लावल्या जात, रेडिओवर गोधडी टाकली जाई, आणि त्या गोधडीत दोन डोकी खुपसून मास्तर आणि माझे वडील ऐकत बसत. मला सोप्यावर बसवलेले असे. कोणी येताना दिसले तर मोठ्याने पाढे म्हणायचे, ही माझी कामगिरी. एकदा खरोखरच बाहेर कंदील दिसला आणि मी एकोणतिसाचा पाढा सुरू केला. भीतीने तो चुकला. कंदील पुढे निघून गेला. मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, “पाढा चुकलास, पण वेळ चुकली नाही.” पकडले गेलो असतो तर काय झाले असते, हे मोठ्यांना पक्के ठाऊक होते. तरी ते ऐकत. त्या ऐकण्यासाठी त्यांनी काय पणाला लावले होते, हे मला समजायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. पहिल्या काही घावांपैकी एक घाव गोव्याला लिस्बनशी जोडणाऱ्या आवाजावर पडला, ही गोष्ट सूचक आहे. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि जंगलातून बोलणारे ते दोघे विमानाला बसवलेल्या ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता सांगत गोव्यावरून फिरले. पुढे मास्तरांनी आपला रेडिओ शाळेला दिला. त्यासोबत एक वही ठेवली. तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने होते, आणि एकाच बातमीबद्दल तीन केंद्रे काय सांगतात ते त्यांत लिहायचे. पहिल्या पानावर मुक्तीची नोंद मास्तरांच्या हातची होती. लिस्बनच्या रकान्यात ‘आक्रमण’, दिल्लीच्या रकान्यात ‘मुक्ती’, आणि लंडनच्या रकान्यात फौजा कोठवर पोहोचल्या एवढेच. त्याखाली मास्तरांनी लिहिले होते, “शब्द कोणी निवडला ते आधी पाहा.”

ही वही मी आज मुद्दाम आठवतो, कारण लघुलहरींवर सत्यच ऐकू येई असा भाबडा समज मला पसरवायचा नाही. प्रत्येक मोठ्या केंद्रामागे कोणत्या ना कोणत्या सरकारचा खजिना उभा होता. १९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला, तेव्हा म्युनिकहून बोलणाऱ्या ‘रेडिओ फ्री युरोप’च्या काही कार्यक्रमांनी पाश्चात्त्यांची मदत येईल अशी आशा श्रोत्यांच्या मनात जागवली. मदत आली नाही, रणगाडे आले. आकाशातून येणारा आवाज माणसाला वाचवू शकतो तसा फसवूही शकतो.

तरीही संकटकाळी लोक वळत ते याच माध्यमाकडे. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पहारा बसला आणि बीबीसीचे प्रतिनिधी मार्क टली यांना देश सोडावा लागला, तेव्हा आपल्याच देशाची बातमी आपण लंडनहून ऐकली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने निधनाची वार्ता सांगितली ती सायंकाळी. त्या दिवशी बंगालच्या दौऱ्यावर असलेले त्यांचे पुत्र राजीव गांधी यांनाही ट्रान्झिस्टर कानाशी धरून बीबीसी ऐकावी लागली. ऑगस्ट १९९१ मध्ये क्रिमियातील फोरोस येथे गोर्बाचेव्ह यांना स्थानबद्ध करून त्यांचे दूरध्वनी तोडण्यात आले, तेव्हा जुन्या रेडिओवर लंडन आणि वॉशिंग्टन ऐकूनच त्यांना आपल्या राजधानीत काय चालले आहे ते समजले. ज्या राज्याने १९४८ पासून परकीय केंद्रांवर घरघराट सोडून ती बुजवण्याचा उद्योग केला, त्याच राज्याच्या अध्यक्षावर ही वेळ यावी, हा काळाचा न्याय होय.

तो घरघराट गोर्बाचेव्ह यांनी स्वतःच १९८७-८८ मध्ये थांबवला होता. आता येथे इतिहासाची गंमत पाहा. आवाज बुजवणारे थांबले आणि पाठोपाठ बोलणारेही थांबू लागले. शीतयुद्ध संपल्यावर प्रत्येक देशाच्या अर्थखात्याला एकच प्रश्न पडला. शत्रू उरला नाही, तर एवढा खर्च कशासाठी? १९३२ मध्ये जेथून साम्राज्याचा आवाज निघाला त्या डॅव्हेंट्रीतील लघुलहरींचे प्रक्षेपक १९९२ मध्ये बंद झाले. जुलै २००१ मध्ये बीबीसीने उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडील लघुलहरी प्रक्षेपण थांबवले. २००४ मध्ये स्वित्झर्लंड गेले. जून २०१२ मध्ये एकाच आठवड्यात कॅनडा आणि हॉलंड या दोघांनी निरोप घेतला. कॅनडातील सॅकव्हिलचे मनोरे २०१४ मध्ये पाडण्यात आले. त्याच वर्षी मॉस्कोचा लघुलहरींवरील आवाज मावळला. ३१ जानेवारी २०१७ रोजी ऑस्ट्रेलिया थांबले. आपल्या आकाशवाणीनेही लघुलहरींचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मिटवत आणले.

कारणे अनेक सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. २५० किंवा ५०० किलोवॉटचा प्रक्षेपक वीज किती खातो हे वेगळे सांगायला नको. उपग्रह वाहिन्या, एफएम आणि पुढे मोबाइल आले. त्यांचा आवाज स्वच्छ, तर आपल्या रेडिओत खरखर. घराघरांत इन्व्हर्टर, संगणक आणि एलईडी दिवे यांच्यामुळे ती खरखर आणखी वाढली. २००३ पासून अंकीय पद्धतीने लघुलहरींना नवा जन्म देण्याचा प्रयत्न झाला, पण सामान्य माणसाला परवडतील असे त्याचे रेडिओ बाजारात आले नाहीत. तथापि, या कारणांत एक समान धागा आहे. आयनांबर थकलेले नाही. लघुलहर आजही १९२३ इतकीच समर्थपणे समुद्र ओलांडते. विज्ञानाने तिला हरवले नाही. तिला सोडले ते माणसांनी, दोन्ही टोकांच्या माणसांनी.

आणि आता माझ्या नावावरची बाकी. १९९६ साली प्रयोगशाळेच्या सामानाची मोजदाद माझ्याकडे होती. कपाटामागे मास्तरांचा रेडिओ धूळ खात पडला होता. एक व्हॉल्व्ह गेला होता, बॅटरी मिळत नव्हती, मुले त्याच्याकडे फिरकत नव्हती. मी नोंदवहीत ‘निकामी’ असा शेरा मारला, खाली सही केली आणि रेडिओ भंगारवाल्याला दिला. कोणी मला तसे सांगितले नव्हते. लंडन, बर्न आणि कॅनबेराच्या अधिकाऱ्यांनी जे केले तेच मी या आवारात केले, आणि माझी कारणेही त्यांच्यासारखीच बिनतोड होती. मास्तर तेव्हा हयात नव्हते, एवढेच माझे नशीब.

चूक उमगली ती फार उशिरा. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये दूरध्वनी आणि इंटरनेट बंद झाले. तेव्हा बीबीसीने लघुलहरींवरील हिंदी प्रक्षेपणाची वेळ वाढवली आणि उर्दूत रोजचा नवा कार्यक्रम सुरू केला. कारण दुसरी वाटच उरली नव्हती. मग साडेपाच महिन्यांनी, ३१ जानेवारी २०२० रोजी, त्याच बीबीसीने हिंदीचे लघुलहरी प्रक्षेपण कायमचे बंद केले. १९४० मध्ये सुरू झालेला तो आवाज २०११ मध्येच थांबणार होता. श्रोत्यांनी आणि लेखक-पत्रकारांनी आवाज उठवला म्हणून त्याला आणखी नऊ वर्षे मिळाली होती. बातमी वाचून मला फार वाईट वाटले. पण दुसऱ्याच क्षणी मनाने विचारले, तू शेवटचा कधी ऐकला होतास? उत्तर देता येईना. शोक करण्याचा अधिकारही कमवावा लागतो.

आज आपल्या खिशात सगळे जग आहे, मग या जुन्या खरखरीसाठी एवढे दुःख कशाला, असे येथील तरुण मनात म्हणत असतील. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. इंटरनेटवर एका केंद्राऐवजी हजार केंद्रे ऐकता येतात. माझा आक्षेप संख्येला नाही. मोबाइलवर येणारा प्रत्येक शब्द कोणाच्या तरी दारातून येतो. ते दार बंद करता येते, आणि आत-बाहेर कोण गेले याची नोंदही ठेवता येते. गोधडीखाली ऐकणाऱ्या त्या दोन माणसांची नोंद कोणत्याही वहीत नव्हती, म्हणून ते वाचले. मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर बीबीसीने त्या भागासाठी लघुलहरींवर रोज चार तासांचे इंग्रजी प्रक्षेपण पुन्हा सुरू केले. बंद केलेली विहीर दुष्काळात पुन्हा उपसावी तसे ते होते. आणि मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही. ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही कंप्रतांवर थोड्याच काळात चीनचा आवाज ऐकू येऊ लागला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी शासनाच्या आदेशानंतर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ८३ वर्षांत प्रथमच मूक झाले. पुढे न्यायालयांत वाद गेले. पण एका सहीने काय होऊ शकते ते जगाने पाहिले. सही करणारा हात मला ओळखीचा वाटला.

गेलेला काळ परत आणा, असे मी म्हणणार नाही. जगाची सरकारे माझे ऐकणार नाहीत आणि विजेचे बिल खोटे नाही. पण जी वाट कोणाच्या दारातून जात नाही, ती मोडून टाकण्यापूर्वी ती कशासाठी होती हे तरी पुढच्या पिढीला ठाऊक असावे. माध्यमाच्या आयुष्याचा हिशेब गर्दीच्या दिवसांवरून मांडू नये. विस्तवाची किंमत चूल विझल्यावर कळते.

मास्तरांची वही मात्र मी भंगारात दिली नाही. ती माझ्या घरी होती. आज मी ती शाळेच्या स्वाधीन करत आहे. तिच्याबरोबर लघुलहरी ऐकू येणारा एक साधा रेडिओ आणि एरियलची तार आहे. हा रेडिओ मास्तरांचा नव्हे. तो मी परत आणू शकत नाही. वहीत अजून बरीच कोरी पाने शिल्लक आहेत. प्रत्येक पानावर मास्तरांनी स्वतःच्या हाताने तीन रकाने आखून ठेवले आहेत. मुख्याध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की, दहावीच्या मुलांपैकी कोणी तरी आठवड्यातून एकदा ते रकाने भरावेत. केंद्र लघुलहरींवर मिळो, इंटरनेटवर मिळो की वृत्तपत्रात, माझी हरकत नाही. शब्द कोणी निवडला ते आधी पाहावे, म्हणजे झाले.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. ऐकणे हीच मास्तरांची शिकवण होती.